फटक्यांस अपात्र

आमचे हे धुळ्याच्या तुरुंगाचे डॉक्टर होते. लोकांना वाटे, कैद्यांना औषध देणं एवढंच यांचं काम. पण एखाद्याला फटक्यांची शिक्षा झाली, की ती सोसण्याइतका तो धडधाकट आहे असा दाखलाही यांनीच द्यायचा असे. सरकार मोठं दयाळू! आजारी माणसाला मारणं म्हणजे क्रूरपणा. म्हणून आधी नाडी बघायची, छातीला नळी लावायची, उघड्या अंगावर औषधात भिजवलेलं फडकं पसरायचं, आणि मग वेताच्या छडीनं कातडं सोलायचं. देवीच्या बोकडाचीसुद्धा कोणी एवढी बडदास्त ठेवत नसे.

एका साली पांझरेकाठच्या गावातल्या एका सालदार गड्याला पाटलाची तांब्याची घागर चोरल्याबद्दल फटके सुनावले गेले. यांनी त्याला तपासलं आणि नापास केलं. हृदय कमजोर निघालं. त्या दिवशी हे फार खुशीत जेवले. एक माणूस वाचवला, म्हणून भाकरीवर तूप जरा जास्तच वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको आमच्या दारात येऊन बसली. दिवस भरत आलेले, पाय धुळीनं माखलेले.

"अक्का, साहेबले सांगा, त्यास्ले फटका मारू द्या."

बाई नवऱ्यावर दात धरून आहे, असंच मला वाटलं. म्हटलं, "अगं, त्याच्या जिवावर उठलीस की काय?"

"फटका खातीन ते संध्याकायले घर येतीन. जेलमा ग्यात ते मनं बाळंतपण कोण करी? घरमा मी एकलीच शे."

तेव्हा कुठे मला कायद्यातली मेख कळली. फटके चुकले म्हणून शिक्षा चुकत नसे. कोर्ट त्याऐवजी कैद देऊ शकत होतं. माफही करू शकत होतं म्हणा, पण गरिबाच्या बाबतीत ते कोर्टाला सहसा आठवत नसे.

मी यांच्याशी कडाकडा भांडले. हे शांतपणे म्हणाले, "दोन-चार फटक्यांतच मेला, तर तीच बाई तुझ्या दारात येऊन ऊर बडवील. मी सही करणार नाही." यांचं म्हणणं खोटं नव्हतं. कोर्टानं वर्षाची कैद दिली, आणि गावच्या वकीलमंडळींत यांच्या दयाबुद्धीची वाहवा झाली.

सुटल्यावर तो बायकोला घेऊन यांच्या पाया पडायला आला. यांनीच तुरुंगात लावून दिलेल्या दुधानं अंगानं चांगला भरला होता. तिच्या कडेवर मूल दिसेना, म्हणून मी विचारलं. मुलगी झाली होती. पावसाळ्यात तापानं गेली. बापानं तिचं तोंडही पाहिलं नव्हतं. तिनं हे कोरड्या डोळ्यांनी सांगितलं, आणि मला मात्र रडू आवरेना.

हे सवयीप्रमाणे त्याच्या छातीला नळी लावून बसले होते. आमचं बोलणं यांच्या कानावर गेलंच नव्हतं. चेहरा उजळला. "वा! आता अगदी ठणठणीत झालास की रे!"

ती पुढे झाली.

"मंग आते फटका मारा साहेब," ती म्हणाली, "आनि आमनं वरीस माघारी द्या."

यांनी कानांतली नळी काढली आणि माझ्याकडे बघितलं.