पलटीनाना

नवी कॅसेट हातात आली की पलटीनाना ती आधी उलटी घालायचे. सगळं जग ए बाजूपासून सुरुवात करायचं आणि नाना बी बाजूपासून. नावही त्यावरूनच पडलं. कुणी कारण विचारलंच, तर सोनेरी काडीचा चष्मा पुसत म्हणायचे, "ए बाजू दुकानदारासाठी भरता रे भाऊ. बी बाजू सोतासाठी. मानूस वयखाचा त पाठीमांगून वयखा." माणूस ओळखावा तो पाठीमागून, यावर ऐकणारे माना डोलवायचे. मी मात्र आतल्या आत जळायचो, कारण असं एखादं वाक्य मला उभ्या जन्मात सुचलं नव्हतं.

नाना असोद्याचे. केळीची बाग, पांढरा सफारी, नवी मोटारसायकल आणि घरात दोन स्पीकरांचा डेक. माझं जळगावात घड्याळ दुरुस्तीचं दुकान आणि घरी एका स्पीकरचा टेप, तोही मधूनच घसा बसल्यासारखा बोलणारा. बागेचा किंवा मोटारसायकलचा मला कधी हेवा वाटला नाही. डेकचा वाटला. आणि त्याहून जास्त वाटला तो त्यांच्या शब्दाला असलेल्या वजनाचा.

आम्हा दोघांचं वेड एकच होतं, धुळ्याची पांझरा पार्टी. लग्नाच्या हळदीला वाजवणारे चार जण. ढोल, हलगी, पेटी आणि बोल फेकायला दगाआबा. गाणं नावालाच, सगळं बोलणंच. ढोलाच्या ठेक्यावर दगाआबा झरझर यमकं जुळवत जमलेल्या पाहुण्यांची टर उडवायचे. नवरीच्या मामाचं पोट, वरबापाची कंजुषी, कुणाच्या जावयाची चाल, काही सुटायचं नाही. ज्याच्यावर बोल पडे तो चिडायचा नाही. उलट खांद्यावरचा रुमाल काढून ढोलाला बांधायचा आणि पुढे वर्षभर सांगत सुटायचा, "दगाआबांनी माझी काढली!" आमच्याकडे त्याहून मोठा मान नव्हता.

तो मान मला हवा होता. चाळीसगावपासून बोदवडपर्यंत जिथे पार्टीची हळद असेल तिथे मी ओळख असो नसो, हजर. एकदा तर मुद्दाम भडक पिवळा कोट आणि काळा गॉगल घालून ढोलासमोर उभा राहिलो. म्हटलं, आता तरी नजर पडेल. दगाआबांनी माझ्याकडे पाहिलं, हलगीवाल्याला डोळा मारला, आणि माझ्या शेजारच्या फोटोग्राफरच्या टकलावर आठ ओळी रचल्या. नाना मागे खुर्चीवर बसून चहा पीत होते. घरी येताना म्हणाले, "घड्यायवाले, कोट चांगला हाये. कोनाचा आनला?"

दर रविवारी गोटूशेठच्या कॅसेटच्या दुकानाशेजारी, चहाच्या टपरीवर आमची बैठक भरायची. पाच-सहा जण, आणि विषय एकच. कुठल्या कॅसेटमधला ढोल चांगला, दगाआबांचा आवाज कधी बसला, पेटीवाला बदलला ते बरं झालं की वाईट. मी तावातावाने अर्धा तास बोलायचो. नाना बशीतला चहा संपवून एकच वाक्य टाकायचे आणि निकाल लागायचा. मी नेट लावला की म्हणत, "तुमचा कान टायम सांगतो घड्यायवाले, ताल नही सांगत." मंडळी हसायची. गोटूशेठ सगळ्यात मोठ्याने हसायचा. पण एक होतं, मी बोलत असताना नाना मान खाली घालून ऐकायचे, मध्ये कधी तोडायचे नाहीत. मग सावकाश माझा मुद्दा सोलून ठेवायचे.

बरीच वर्षं पार्टीची नवी कॅसेट आली नव्हती. मग एकदा बातमी आली, सुरतेला जाऊन भरून आणली आहे, पहिला गठ्ठा धुळ्यात उतरणार. मी ठरवलं, या वेळी निकाल माझा. शनिवारी दुकान बंद ठेवून एस.टी.ने धुळे गाठलं, पाहुण्यांकडे मुक्काम केला आणि रविवारी सकाळी कॅसेट छातीशी धरून परत निघालो. पारोळ्याला गाडी बिघडली. घरी पोचलो तेव्हा बैठकीला अर्धाच तास उरला होता. अर्ध्या तासात कॅसेटची एकच बाजू होते. मी ए बाजू लावली.

ऐकून अंगाचा तिळपापड झाला. ढोलाच्या जागी ऑक्टोपॅड! दगाआबांचे बोल मऊ, गुळमट, कुणाला न बोचणारे. मी तडक टपरीवर गेलो आणि जाहीर केलं, "पांझरा पार्टी संपली."

पहिल्यांदाच सगळे माझं ऐकत राहिले. एक म्हणाला, पोरांना नाचायला हेच लागतं. मी म्हटलं, मग पोरांना नुसता ऑक्टोपॅड द्या, बोलाची विटंबना कशाला? दुसरा म्हणाला, म्हातारे झाले ते. मी म्हटलं, म्हातारपणी माणूस खरं बोलतो, खोटं नाही. लोक वाहवा म्हणाले. खरंच म्हणाले. तेवढ्यात नानांची मोटारसायकल आली.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग गोटूशेठच्या टेपमध्ये कॅसेट घातली. अर्थातच उलटी.

बी बाजूला ऑक्टोपॅड नव्हता. पेटीसुद्धा नव्हती. नुसता ढोल, हलगी आणि दगाआबा, पूर्वीसारखे, सुरीसारखे. आणि बाजू संपता संपता दगाआबा हसले आणि म्हणाले,

"असोदाना नाना, मोठा शाना,
उलटा कान लाईसन ऐकस गाना!"

टपरीवर एकच कल्ला झाला. कुणी नानांना उचललं, गोटूशेठने सगळ्यांना चहा सांगितला. मागे कधीतरी एका हळदीत नानांनी दगाआबांना तोंडावर सुनावलं होतं, की तुमचा बोल आळशी झाला, मागच्या बाजूला तरी खरं वाजवा. त्याचं हे उत्तर होतं. हळदीतला बोल मांडवातच विरतो. हा कॅसेटवर कोरला गेला होता. धुळ्यात, सुरतेत, जिथे जिथे आमची माणसं पोट भरायला गेली तिथे तिथे तो वाजणार होता. आणि नाना काय म्हणाले? "बोल बरा हाये. पन ढोल जरासा मांगे पडला." मला त्या क्षणी त्यांचा चष्मा फोडावासा वाटला.

त्यानंतरही आमची बैठक चालू राहिली, वाद चालू राहिले, माझी जळजळही चालू राहिली. मग एका उन्हाळ्यात नाना बागेतून घरी आले, छातीत दुखतंय म्हणाले, आणि दवाखान्यात नेईपर्यंत गेले.

तिसऱ्या दिवशी आम्ही असोद्याला बसायला गेलो. अंगणात गर्दी होती. दुपारी धुळ्याकडची एक जीप येऊन थांबली आणि तीतून दगाआबा उतरले. मागून तिघे. वाद्यं नव्हती, डोक्याला टोप्या होत्या. दगाआबा नानांच्या मुलाचा हात धरून बसले आणि म्हणाले, "नवा बोल बांधा का पहिले हाऊ नानाच आठवे. आते आम्हले कोना धाक?" एवढं बोलून म्हातारा ढसाढसा रडला.

मीही रडलो. लोकांनी मला धरलं, पाणी दिलं, फार जीव होता म्हणाले. जीव होताच. पण खरं सांगतो, रडताना मनात हेही होतं की मी गेलो तर धुळ्याहून कोण येईल? कुणीतरी दगाआबांना माझी ओळख करून दिली, "हे पण तुमचे जुने शौकीन." त्यांनी हात जोडले, जसे कुणालाही जोडतात तसे, आणि तोंड फिरवलं.

दिवाळीनंतर पार्टीची आणखी एक कॅसेट आली. टपरीवर सगळ्यांनी ऐकली. संपल्यावर लक्षात आलं, सगळे माझ्याकडे बघताहेत. गोटूशेठ म्हणाला, "सांगा शेठ, कशी आहे?"

मी म्हटलं, "ढोल जरा पुढे पळतोय."

"बरोबर," गोटूशेठ म्हणाला. बाकीच्यांनी माना हलवल्या.

मी मग म्हटलं, "नाही, नाही. ढोल मागे पडतोय."

"तेही बरोबर," गोटूशेठ म्हणाला. पुन्हा सगळ्यांनी माना हलवल्या.

चहा तसाच ठेवून मी उठलो. नाना जिवंत असताना त्यांचा जितका हेवा वाटला नसेल, तितका त्या दिवशी वाटला. त्यांच्याशी भांडायला निदान मी तरी होतो.