आईच्या बोलीतला अल्बम

माझा पहिला अल्बम हळदीच्या आणि वरातीच्या गाण्यांचा होता. त्यातलं एक गाणं अचानक चाललं. शहरातल्या क्रांती चौकात सिग्नलला स्कूटी थांबवली की शेजारच्या रिक्षातून माझाच आवाज यायचा. ते रेकॉर्ड करताना अल्बम काढणाऱ्या शेठनी बजावलं होतं, "ताई, ते तुमचं लई आणि व्हय घरी ठेवून या. पुण्याकडं चालत नाही." मी ठेवून गेले. गळा काळी चारच्या उंच पट्टीपर्यंत ताणायचा, आवाजात हसू आणायचं, शब्द घासूनपुसून टाकायचे. लोक त्याला माझी शैली म्हणायला लागले.

आईनं ते गाणं ऐकलं तेव्हा म्हणाली, "चांगलं गातीस गं. पण हे बोलतं कोण? आपल्यात असं कुणी बोलत नाय."

आई पैठणजवळच्या खेड्यातली. शहरात, पुंडलिकनगरात येऊन तिचं निम्मं आयुष्य गेलं, बोली तशीच राहिली. दिवसभर बोलायची, भाजीशी, नळाशी, माझ्याशी. खरं सांगते, मला लाज वाटायची. कार्यक्रम ठरवायला कुणी घरी आलं की मी तिला चहाच्या निमित्तानं आत पाठवायची.

एका सकाळी ती ओट्यापाशीच कोसळली. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दोन महिन्यांनी एकच शब्द परत आला, व्हय. पाणी पाहिजे? व्हय. दुखतंय का? व्हय. नको असलं तरी व्हय. डावा हात आपटून ती चिडायची, पण तोंडातून दुसरं काही निघायचं नाही.

त्या दिवसांत मी तिची आठवतील ती वाक्यं वहीत लिहायला लागले. "उन्हात जाऊ नको, ऊन कुणाचं नसतं." "भाकर थापती तवर बस, मंग जा." लिहिता लिहिता चाली सुचल्या. माझ्यासोबत ऑर्केस्ट्रापासून कीबोर्ड वाजवणारे एक दादा होते, त्यांना ऐकवल्या.

"हे चालायचं नाही," ते म्हणाले. मग त्यांनीच पट्टी खाली, पांढरी तीनवर घेतली. "आता म्हण."

मी म्हटलं.

"इतके दिवस हा आवाज कुठं ठेवला होतास?"

भिंतींना गाद्या लावलेल्या एका खोलीत आम्ही रेकॉर्डिंग केलं. आधीचा सगळा धडधडाट काढला. पेटी आणि हलकी ढोलकी, एवढंच. जिथं पूर्वी गळ्यातून एखादी हरकत घेतली असती तिथं मी थांबायला शिकले. सगळ्यात अवघड गेली ती बोली. 'भाकर' म्हणायचं तर तोंडातून 'भाकरी' यायचं. एकेक ओळ दहा-दहा वेळा गायले. चुकतंय कुठं हे सांगू शकणारं माणूस एकच होतं, आणि ते घरी अंथरुणावर व्हय म्हणत पडलं होतं.

सगळं पुरं झाल्यावर मी आईजवळ बसून तिला ऐकवलं. वडील पायथ्याशी होते. पहिलं गाणं संपेपर्यंत ती छताकडं बघत राहिली.

"आई, आवडलं?"

"व्हय."

"बंद करू का?"

"व्हय."

"तुझंच बोलणं हाय हे. ओळखलंस का?"

तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. खांदा हलत होता. वडिलांनी उठून टेप बंद केला.

"काय गेलंय ते तिला कशाला ऐकवतीस?" ते म्हणाले. बस, एवढंच. आयुष्यात ते मला कधी रागावले नव्हते, तेव्हाही आवाज चढला नाही. पण त्यानंतर त्या घरात तो अल्बम पुन्हा लागला नाही.

शेठनी भिडेखातर तो बाजारात आणला. दुकानदारांनी लावला, अर्ध्यात बदलला. गणपतीत एका मंडळाच्या स्टेजवर मी त्यातलं एक गाणं सुरू केलं. पहिल्या कडव्यालाच खालून ओरडा आला, "ओ ताई, वरातीचं घ्या ना!" मी दादांकडं बघितलं. त्यांनी मान खाली घातली आणि पट्टी वर नेली. मी वरातीचं घेतलं. लोक नाचले. मीही हसून गायले, त्या गाण्यात हसावंच लागतं. दोनदा वन्समोअर मिळाला.

पुढच्या उन्हाळ्यात आई गेली. शेवटपर्यंत मला तिच्या डोळ्याला डोळा देता आला नाही. तिचं बोलणं मी चोरलं असं तिला वाटलं, की सुनं वाटलं, की काहीच नाही, मला कळलं नाही, आणि आता कळणारही नाही. दादांनी कीबोर्ड विकून भावाच्या दुकानात बसायला सुरुवात केली. जाताना म्हणाले, "तू चांगली गायलीस गं त्यात." मला ते ठाऊक होतं. ठाऊक असून काय करायचं, ते ना त्यांनी सांगितलं ना मला सुचलं.

वर्षभरानं तिसरा अल्बम केला. शब्द शेठचे, चाली आधीच्याच वळणाच्या. आठही गाणी दोन दिवसांत आटोपली. काचेपलीकडून शेठ खूश होऊन म्हणाले, "आता कसा आवाज पुन्हा जागेवर आला!" मी हेडफोन काढून ठेवला आणि घरी आले.