चौकटमामांची साफसफाई

कॉलेजातली पोरं त्यांना चौकटमामा म्हणत. खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक. जीवशास्त्र विभागामागच्या पडीक जागेत मीटरभर लांबी-रुंदीची लाकडी चौकट त्यांना ठोकून दिली होती. दर सोमवारी तिच्यापुढे उकिडवं बसून आत कोण कोण जगतंय ते मोजायचं, वहीत लिहायचं. एकवीस वर्षं मामांनी हेच केलं. गवतं, मुंग्या, किडे, कोळी, एक सरडा धरून चौतीस प्रकारचे जीव. मामा त्यांना 'आमचे भाडेकरू' म्हणत.

बायको गेली आणि मामांना आवरण्याचा झटका आला. रिकाम्या घरात दुसरं करायचं काय? भांडी घासून फडताळात गेली. बायको जिन्यात दुधाची वाटी ठेवायची, ती वाटीही आत गेली. घर संपलं तरी हात शिवशिवत होते, म्हणून एका रविवारी त्यांनी चौकटही आवरली. कुजकी पानं काढली, खाजऱ्या रोपट्याला मुळासकट उपटलं. जागा कशी न्हाऊन बसल्यासारखी दिसू लागली.

महिन्याभरात भाडेकरू उरले अकरा.

विभागातल्या बाईंनी वही पाहिली, चौकट पाहिली. मग मामांच्या शेजारी उकिडव्या बसल्या. पानं कुजतात म्हणून किडे, किडे म्हणून कोळी, कोळी म्हणून सरडा. त्या खाजऱ्या झाडावर तर फुलपाखराच्या अळ्या वाढत होत्या, असं त्यांनी समजावलं.

"मामा, तुम्ही कचरा नाही काढलात," बाई म्हणाल्या, "भरली पंगत उठवलीत."

मामांनी चौकटीतल्या उघड्या मातीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "येतील का हो परत?"

"पानं परत टाका. काही येतील, काही नाही. आधी मुंग्या येतील. घाई नका करू."

संध्याकाळी जिना चढताना मामा मधल्या पायरीवरच थांबले. वरच्या मजल्यावरचा म्हातारा शिंपी रोज खाली यायचा, तो मांजर शोधत. मांजर यायचं ते वाटीसाठी. 'वहिनींनी माझं मांजर फितवलं,' असं कुरकुरत तो आत टेकायचा, आणि दोन कप चहा होईपर्यंत उठायचा नाही. बाईमाणूस गेलं की लोक येईनासे होतात, अशी मामांनी मनाची समजूत घातली होती. बिचाऱ्या शिंप्यावर रागही धरला होता. आणि वाटी उचलली होती कुणी?

त्यांनी फडताळातून वाटी काढली, दूध ओतलं, जिन्यात ठेवली आणि दार उघडं टाकून बसले. मांजर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वरून शिंप्याच्या मशीनचा आवाज येई, मध्येच थांबे. मामा कान टवकारत. मशीन पुन्हा सुरू होई.

तिसऱ्या संध्याकाळी वाटीच्या काठावर काहीतरी हललं. मामा गुडघे धरून वाकले, चष्मा पुसला. मग आत जाऊन त्यांनी वही आणली, नवीन पान काढलं, आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं:

जिना. मुंग्या. आल्या.