बापट सरांचा सूड

बापट सर भेटले की आधी माझ्या गाडीच्या टायरांकडे बघत, मग माझ्याकडे. टायर बरे निघाले की त्यांचा चेहरा पडे. माझ्यात खोट सापडावी ही त्यांची मनापासूनची इच्छा होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. सर आता नाहीत, पण इतक्या नेकीने सूड घेणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. सूड माझ्यावरच होता, म्हणून हे अधिकाराने सांगतो.

कारणही तसंच होतं. माझा मुलगा रोहन इथे परदेशात शाळेतच ड्रायव्हिंग शिकत होता. शाळेने एक वही दिली होती. घरच्यांनी शेजारी बसून मुलाकडून किती तास सराव करून घेतला, ते लिहून त्यात सही करायची. मला ऑफिसातून सवड कुठली! पुण्यात कॉलेजचं जर्नल आम्ही सबमिशनच्या आदल्या दिवशी एका बैठकीत उरकायचो, तशी ही वही मी एका रविवारी चहा पिता पिता भरून टाकली. साठ तास, तीन वेगवेगळी पेनं, सह्या सगळ्या माझ्या. रोहनला रिस्ट्रिक्टेड लायसन्स मिळालं. त्यावर एकट्याने मित्रांना घेऊन जायला मनाई असते. ते ठाऊक असून "इथल्या इथेच तर जायचंय" म्हणत मी किल्ली दिली. हिल्सबरोत दुकानांसमोरच्या झेब्रा क्रॉसिंगवर त्याने सरांच्या बायकोला, वसुधाताई बापटांना उडवलं. जीव वाचला, उजवा पाय कामातून गेला.

वसुधाताईंनी रोहनला कोर्टातच माफ केलं. सरांनी मला बाहेर गाठलं. "माफी तिची होती, तिने दिली. माझी मी देणार नाही. तुमची वही वाचलीय मी, जोशी."

सर आयुष्यभर पुण्याच्या एका कारखान्यात गाड्यांचे ब्रेक तपासत आले होते. निवृत्त होऊन मुलीकडे आले ते इथलेच झाले. त्या कोर्टाच्या दिवसानंतर त्यांनी रीतसर शिकवण्याचा परवाना काढला आणि रोहनच्याच शाळेत जाऊन उभे राहिले. "एकही पोर आता नुसत्या वहीवर पास होणार नाही," एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांच्या हाताखाली गाडी चालवताना दिसेल ते मोठ्याने बोलावं लागे. एका मुलाने "स्वीट अ‍ॅज, सर," म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत 'झकास', असं म्हणत स्टॉपच्या पाटीपाशी गाडी नुसती हळू केली. सरांनी त्याला उतरवलं, वसुधाताईंचा वॉकर हातात दिला आणि उजवा पाय न टेकता रस्ता ओलांडायला लावला. चार वेळा. शाळेकडे तक्रार गेली तेव्हा सर म्हणाले, "पाचव्यांदाही लावला असता, पण पाऊस आला."

पुढे माझी धाकटी, इरा, सोळा वर्षांची झाली आणि शाळेने तिला नेमकं सरांकडे दिलं. मी हात जोडून गेलो. म्हटलं, "सर, हिचा काय दोष? दुसरं कुणी द्या हिला."

"मुलीला मी काय खातोय?" सर म्हणाले. "मला तुमचा सूड घ्यायचाय. त्याला हीच बरी."

आणि घेतला. इराला गृहपाठ असे: आठवडाभर बाबांशेजारी बसायचं आणि त्यांच्या चुका टिपायच्या. वीस वर्षं गाडी चालवणारा मी, ओटाहुहुला भाजी आणायला निघालो की घाम फुटायचा. "बाबा, यू डिडन्ट स्टॉप. यू जस्ट रोल्ड." कार्टीचं पेन चालूच. गुरुवारी सर ती यादी शाळेच्या पार्किंगमध्ये सगळ्या पोरांसमोर मोठ्याने वाचत आणि खाली माझी सही मागत. "करा, जोशी. सही करायची तर तुम्हाला सवय आहे." पोरं हसत. मी मान खाली घालून सही करत असे. राग यायचा, पण त्या याद्यांतली एकही चूक खोटी नव्हती, हे त्याहून जास्त झोंबायचं.

इरा पहिल्या फटक्यात पास झाली. मी पेढे घेऊन सरांच्या घरी गेलो. वसुधाताईंनी पेढा घेतला, सरांनी डबा बाजूला सरकवला. मला राहवलं नाही. तीन वर्षं मला या माणसाकडून एकच गोष्ट हवी होती. विचारलं, "सर, आता तरी माफ केलंत?"

"नाही. मुलगी मात्र उत्तम चालवते." मग थांबून म्हणाले, "मोठा काय करतो?"

"बसने जातो. त्या दिवसापासून स्टिअरिंगला हात लावला नाही त्याने. आईला दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हासुद्धा नाही."

"म्हणजे सुटलो असं वाटतंय त्याला." सर उठून उभे राहिले. "मंगळवारी साडेतीनला पाठवा."

रोहन कसा तयार झाला ते मला आजही कळलेलं नाही. मंगळवारी संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"काय म्हणाले सर?"

"ही सेड ही'ल नेव्हर फर्गिव्ह मी."

"आणि?"

"आणि पुढच्या मंगळवारी परत ये म्हणाले."