शेपांची धुरी

आज सुनेच्या बाळंतखोलीत ओवा-शेपांची धुरी केली आणि त्या वासासरशी सोलापुरातलं माझं पहिलं बाळंतपण आठवलं. मला आई नव्हती, म्हणून ते सासरीच झालं. मुलगी गोरीगोमटी, पण मला ती नकोशी वाटे. गिरणीचा भोंगा झाला की सगळी गल्ली उठे. मी मात्र भिंतीकडे तोंड करून रडत पडे. शेजारणी म्हणाल्या, "बाहेरचं लागलंय. देवऋष्याला बोलवा." त्यानं एका बाळंतिणीला निंबाच्या फोकानं झोडपल्याचं मी ऐकलं होतं. सासूबाई भारी फटकळ. त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. "काय लागलं न्हाय हिला. मला बी असंच झालं व्हतं, ह्याच्या येळी," ओसरीवर बसलेल्या माझ्या यजमानांकडे बोट करून त्या म्हणाल्या. यजमानांनी मान खाली घातली. शेजारणी निघून गेल्या. मग बाळाला आपल्या मांडीवर घेऊन सासूबाई मला म्हणाल्या, "दूध आदी येतं, पोरी. माया कवाकवा मागनं येती. तंवर मी हाय की." आणि माया आली, उशिरा, पण पोटभर आली. आज सून भिंतीकडे वळून पडलेली दिसली, तेव्हा धुरी बाजूला ठेवून मी तिच्या उशाशी बसले आणि नातवाला मांडीवर घेतलं. म्हटलं, "मला बी असंच झालं होतं. मी हाय की."