दुपारची हवा

दुष्काळाची ती वर्षं. शहर मात्र बायपासच्या पलीकडे सुटलेलं. नळ यायच्या आधीच माणसं राहायला येत होती. निवृत्तीनंतर मी एक दणकट पिकअप घेतली, तिच्यावर पाण्याची टाकी बसवली आणि करमाडकडच्या विहिरीवरून नव्या कॉलन्यांना पाणी पुरवू लागलो. गाडी माझ्या दारात उभी असे. ड्रायव्हर पलीकडच्या गल्लीतला.

तीस वर्षं कचेरीत मी दुसऱ्यांच्या चुका शोधल्या होत्या. ती खोड काही निवृत्त झाली नाही. गाडीच्या दारावर लिहिलं होतं, भरल्या गाडीला मागच्या चाकांत पासष्ट हवा. मी शहागंजच्या बाजारातून हवा मोजायचा गेज आणला. दुपारी ड्रायव्हर जेवायला गेला की वाकून मोजायचो. रोज बहात्तर! पाण्यासोबत ड्रायव्हर कुणाचा तरी माल वाहतोय आणि म्हणूनच जास्त हवा भरतोय, हे मी ठरवूनच टाकलं. काडीने व्हॉल्व्ह दाबून हवा पासष्टवर आणायची आणि गप्प बसायचं. चोराला सावध कशाला करा?

मग तो सकाळी अर्धा तास आधी गाडी काढू लागला. विहिरीवर विचारलं, तर तिथे तो नेहमीच्याच वेळेला पोहोचत होता.

"लवकर कामाला जाणाऱ्यावरपण तुमचा डोळा," बायको म्हणाली. "संशयाला औषध नसतं."

त्याला कामावरून काढायचं ठरवूनच मी एका सकाळी मागोमाग चालत गेलो. गाडी कॉलनीच्या तोंडाशी, पंक्चरच्या दुकानापुढे उभी. हा मागच्या चाकाशी उकिडवा बसून हवा भरत होता.

"रोज सकाळी हवा कमी निघतीय, साहेब," तो म्हणाला. "थंड चाकातच मोजावं लागतं. पळून तापलं की काटा उगंच वर चढतो. दारातच कुणीतरी हवा सोडतंय. तुम्हाला घोर नको म्हणून बोललो नाय."

"एवढं काय त्यात?"

"कमी हवेवर भरल्या टाकीला टायर फुटलं तर गाडी पलटी होईल. लेकरं लहान हायत माझी."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"तुमचा कुणावर संशय हाय का, साहेब?"

"मीच सोडतो," मी म्हणालो.

तो मोकळेपणाने हसला. साहेब चेष्टा करतात असं त्याला वाटलं, आणि मी ते तसंच राहू दिलं.