सकाळी आठचा आवाज

तिला सगळे फोनताईच म्हणत. टेलिफोन ऑपरेटरच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर तिनं ऑफिससाठी कुलूपवाल्याच्या दुकानावरची खोली घेतली आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना रोज सकाळी आठपासून फोन करायला लागली. झोप लागली का, गोळ्या घेतल्या का, एवढंच. एकोणीस वर्षांत यादी त्रेसष्ट जणांवर गेली. संस्था म्हणाल तर ती, एक टेबल आणि एक फोन.

सुनेनं अर्ज केला आणि अनुदान मिळालं. पण गंमत अशी, की ते फोनसाठी नव्हतंच; संस्था स्वतःच्या पायावर उभी राहावी म्हणून होतं. त्यासाठी एक सल्लागार आला. जाड भिंगांचा चष्मा, आणि आवाज इतका हळू की फोनताईलाही कान द्यावा लागे.

"उद्या तुम्ही आला नाहीत तर?" त्यानं विचारलं.

"मी आले नाही, असं कधी झालंच नाही."

"म्हणूनच विचारतोय, ताई."

सहा आठवडे तो तिच्या डोक्यातलं कागदावर उतरवून घेत होता. कुणाशी मोठ्यानं बोलायचं, गोळ्यांबद्दल कोण थापा मारतं, कुणाला आधी मांजरीची चौकशी केलेली आवडते. हसण्याआधी ती क्षणभर थांबते, तेही त्यानं टिपलं. "आता संस्था तुमच्याशिवाय चालेल," म्हणाला, जाडजूड फाइल टेबलावर ठेवली आणि गेला.

पुढच्याच आठवड्यात फोनताई तापानं फणफणली. घसा असा बसला की शब्द फुटेना. सून परगावी होती. दोन दिवस ग्लानीत गेले, आणि तिसऱ्या सकाळी जीव मुठीत धरून ती जिना चढली. दोन दिवस कुणालाच फोन नाही!

नोंदवही उघडून पाहते तर दोन्ही दिवसांची पानं भरलेली. त्रेसष्टच्या त्रेसष्ट नोंदी. अक्षर तिचंच, 'ळ'ची उगाच मोठी गाठसुद्धा तीच.

खाली कुलूपवाला किल्ली घासत होता. तिनं खुणेनं विचारलं, वर कोण आलं होतं?

"म्हणजे? कालही तुमचा आवाज येत होता की! हसत होतात," तो म्हणाला. मग तिच्या घशाकडे बघून त्याचा हात थांबला. "ताई, तुमचा आवाज केव्हापासून बसलाय?"

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम घरीच राहिली. आठ वाजले तेव्हा तिनं स्वतःच्याच ऑफिसचा नंबर फिरवला. बराच वेळ एंगेज. मग घंटी वाजली आणि कुणीतरी उचलला.

"बोला! झोप लागली का?"

तिचाच आवाज. ताप येण्यापूर्वीचा, खणखणीत.

"गोळी घेतलीत का? थापा मारू नका हं."

"नाही घेतली," ती कशीबशी पुटपुटली.

"मग घ्या. मी थांबते."

तिनं गोळी घेतली. पलीकडे कुणीतरी शांतपणे श्वास घेत थांबलं होतं.

ती फाइल जाळायची, असं ठरवूनच ती दुसऱ्या सकाळी निघाली. दार उघडलं. खोलीत कुणी नव्हतं. खुर्चीची बैठक मात्र कोमट होती. नोंदवहीत अठ्ठावीस नोंदी झालेल्या, एकोणतिसाव्या नावापुढे लिहिलं होतं: 'तीनदा घंटी. उचलला नाही.' शाई ओली होती. त्यापुढे कोरं.

तिच्या लक्षात आलं, पुढे काय करायचं ते फाइलमध्ये नव्हतंच. सल्लागारानं हेही विचारलं होतं, फोन उचललाच नाही तर? आणि ती म्हणाली होती, "ते लिहून देण्यासारखं नाही."

तिनं कुलूपवाल्याला हाक मारली. दोघं धावतपळत त्या नावाच्या घरी गेले. त्यानं कुलूप उघडलं. मांजरवाल्या आजी न्हाणीघराच्या दारात पडल्या होत्या. हात बर्फासारखा गार, पण श्वास चालू होता. अँब्युलन्स येईपर्यंत फोनताई फरशीवर बसून त्यांचा हात चोळत राहिली, बसक्या घशानं काहीबाही बोलत राहिली. आजी वाचल्या.

फाइल तिनं जाळली नाही. फोन करायचं काम आता तो आवाजच करतो. ती नऊला जाते, आधी दारावर टकटक करते, मग आत शिरून 'उचलला नाही'पुढे कोरी राहिलेली नोंद शोधते.